रिकामा रकाना आणि शून्य

मी लिहीत असलेल्या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येईल अशा तयार कोडच्या संचात, फाइलच्या नोंदीची पहिली रचना सात रकान्यांची होती: क्रमांक, ती ज्या फोल्डरात आहे त्याचा क्रमांक, नाव, आकार, शेवटच्या बदलाची वेळ, फाइल आहे की फोल्डर, आणि ती केवळ वाचण्यापुरती आहे का. ही रचना लिहायला अर्धा तासही लागला नाही. ती मोडून पुन्हा उभी करण्यात मात्र पुढचे जवळजवळ आठ महिने गेले. लायब्ररीचे काम ऐकायला साधे होते. फोन, कॅमेरा किंवा म्युझिक प्लेअर केबलने संगणकाला जोडला की त्यातील फाइलींची यादी मिळवायची, हव्या त्या उतरवून घ्यायच्या आणि गरज पडल्यास काही परत पाठवायच्या. प्रोग्रामिंगची भाषा रस्ट होती. संगणकाच्या डिस्कवरील फाइलची माहिती विचारण्याची रस्टमधील सोय मी रोज वापरत असल्यामुळे तिचेच रूप डोळ्यांपुढे ठेवून मी हे सात रकाने आखले होते, आणि माझ्या स्वतःच्या फोनवर त्याच दुपारी यादी दिसल्यामुळे रचना बरोबर आहे अशी माझी समजूत झाली.

ती समजूत मुळातच चुकीची होती, कारण इथे आपल्या हातात डिस्क नसते. पूर्वी फोन जोडला की तो आपले मेमरी कार्ड जसेच्या तसे संगणकाच्या ताब्यात देत असे आणि तेवढा वेळ स्वतः त्या कार्डाला हात लावू शकत नसे. अँड्रॉइडने २०११ साली ३.० या आवृत्तीपासून एमटीपीची (मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे उपकरण आणि संगणक यांच्यातील फाइलींच्या देवाणघेवाणीचे नियम) वाट धरली, आणि तेव्हापासून फाइलव्यवस्था फोनच्याच ताब्यात राहते. संगणक फक्त प्रश्न विचारतो आणि फोन उत्तर देतो. म्हणजे मी जिला फाइलची माहिती म्हणत होते ती वस्तुतः एका उपकरणाने त्याच्या फाइलीविषयी दिलेली जबानी होती. ती अपुरी असू शकते, गोलमोल असू शकते, आणि कधी कधी चक्क चुकीचीही असते. हे मला आज एका वाक्यात सांगता येते, पण उमगले ते एकेका चुकीतून.

या जबानीचा साचा कुठून आला हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय त्यातील विचित्रपणा कळत नाही. एमटीपीचा पाया पीटीपी हा २००० साली कॅमेऱ्यांसाठी तयार झालेला नियमसंच आहे. त्यावर संगीत आणि इतर फाइलींसाठी भर घालून एमटीपी घडला आणि २००८ साली यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमने त्याला प्रमाणित रूप दिले. एखाद्या वस्तूची (या नियमांत फाइल, फोल्डर, प्लेलिस्ट अशा सगळ्यांनाच वस्तू म्हणतात) माहिती मागितली की आजही मूळ कॅमेऱ्याच्या काळातलाच माहितीसंच हाती येतो. त्याचा ठरावीक लांबीचा भाग ५२ बाइटांचा असतो, आणि त्या ५२ पैकी बरोबर २६ बाइट चित्राविषयी असतात: लघुचित्राचा प्रकार, आकार, रुंदी आणि उंची, मूळ चित्राची रुंदी, उंची आणि रंगांची खोली. तुम्ही साध्या मजकुराच्या फाइलीविषयी विचारले तरी हे २६ बाइट येतातच, फक्त त्यांत शून्ये भरलेली असतात. त्या ५२ बाइटांनंतर चार मजकूर येतात: फाइलचे नाव, चित्र टिपल्याची तारीख, बदलाची तारीख आणि कळीचे शब्द. डिस्कवरील फाइलीच्या माहितीत असणारी शेवटच्या वाचनाची वेळ, मालक, परवानग्या यांतले काहीच इथे नसते.

माझी पहिली चूक या चार मजकुरांतच होती. प्रत्येक मजकुराच्या आधी एक बाइट येतो आणि पुढे किती अक्षरघटक आहेत ते सांगतो; त्या मोजणीत मजकूर संपल्याचे सांगणारी शेवटची शून्यखूणही धरलेली असते. अक्षरे यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे प्रत्येक घटकाला दोन बाइट. ‘नोंदवही’ हे नाव आले तर न, ओकाराची मात्रा, अनुस्वार, द, व, ह आणि दीर्घ वेलांटी असे सात घटक होतात. शून्यखूण धरून मोजणीच्या बाइटात आठ येतात, आणि मोजणीचा बाइट मिळवून एकूण १७ बाइट येतात. इथपर्यंत सारे ठीक होते. मजकूर रिकामा असेल तेव्हा मात्र फक्त एकच शून्य बाइट येतो आणि त्यामागे शून्यखूण येत नाही. मी ती येते असे गृहीत धरून प्रत्येक रिकाम्या मजकुरानंतर आणखी दोन बाइट गिळत होते.

परिणाम असा झाला की, छायाचित्रांच्या तारखा नीट दिसायच्या आणि बाकी सर्व फाइलींच्या तारखा रिकाम्या. छायाचित्राला टिपल्याची तारीख असते, म्हणून तिथे काही बिघडत नसे. इतर फाइलींत तो मजकूर रिकामा असल्यामुळे माझा कार्यक्रम (प्रोग्राम) पुढच्या तारखेचा मोजणीचा बाइट आणि तिच्या पहिल्या अक्षराचा अर्धा भाग खाऊन टाकत असे. त्या अक्षराचा उरलेला अर्धा भाग शून्य होता. तोच नवी मोजणी म्हणून वाचला जाई आणि निष्कर्ष निघे की बदलाची तारीखही रिकामी आहे. कळीचे शब्द मला नको होते म्हणून मी पुढे वाचतच नव्हते. वाचले असते तर तिथे मोजणी आणि उरलेले बाइट यांचा मेळ बसला नसता आणि चूक लगेच उघडी पडली असती. मी मात्र तीन आठवडे निर्धास्तपणे समजत होते की उपकरणच तारीख देत नाही. ‘उपकरणाने दिले नाही’ आणि ‘मला वाचता आले नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझ्या रचनेत त्या दोन्हींसाठी एकच रिकामी जागा आहे, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवले. जाणवले एवढेच, दुरुस्ती मी फक्त त्या दोन बाइटांची केली आणि पुढे गेले.

दुसरा धक्का आकाराने दिला. माझ्या लायब्ररीवर बेतलेला एक छोटा बॅकअपचा कार्यक्रम होता. तो फाइल उतरवून झाल्यावर उतरलेले बाइट मोजायचा, नोंदीतील आकाराशी ताडून पाहायचा आणि जुळले नाहीत तर प्रत खराब समजून पुसून टाकायचा. एका लांबलचक चित्रफितीच्या बाबतीत हा प्रकार लागोपाठ दोनदा झाला. पंधरा-वीस मिनिटे फाइल उतरत राहायची आणि शेवटी नाहीशी व्हायची. नोंदीतला आकार छापून पाहिला तर तो ४,२९,४९,६७,२९५ बाइट होता. या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही ही संख्या पाहताच ओळखू येते: ३२ बिटांत बसणारी ती सर्वांत मोठी संख्या. आकाराचा मूळ रकाना ३२ बिटांचा आहे, आणि फाइल त्यात मावत नसेल तर सर्व बिट एक करून ठेवायचे असा नियम आहे. म्हणजे उपकरण सांगत होते, ‘आकार इथे लिहिता येण्याजोगा नाही, दुसरीकडे विचारा’, आणि मी ते उत्तर आकार म्हणून शब्दशः घेतले होते.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर एमटीपीने जोडलेल्या गुणधर्मांमध्ये. तिथे आकाराचा स्वतंत्र, ६४ बिटांचा गुणधर्म आहे आणि तो मागितला की खरा आकडा मिळतो. पण केवळ पीटीपी जाणणारा कॅमेरा असेल तर त्याला हे गुणधर्म ठाऊकच नसतात. त्यातही एक मजेदार अडचण आहे. एफएटी३२ या फाइलव्यवस्थेत फाइलची कमाल मर्यादा हीच आहे, बरोबर ४,२९,४९,६७,२९५ बाइट. त्यामुळे मर्यादा गाठेपर्यंत लिहीत गेलेली एखादी फाइल खरोखरच तेवढ्या आकाराची असू शकते. ती संख्या पाहून आकार माहीत आहे की नाही हे ठरवता येत नाही. शून्याचेही तसेच. प्लेलिस्टसारख्या काही वस्तू अमूर्त असतात, त्यांच्यात मजकूरच नसतो आणि तिथे शून्य हे पूर्ण खरे उत्तर असते. म्हणून आकाराच्या रकान्याचा प्रकार मी बदलला: ‘नेमका इतका’, ‘किमान इतका’ किंवा ‘माहीत नाही’ यांपैकी एक. बॅकअपच्या कार्यक्रमात पुसण्याचा निर्णय फक्त पहिल्या अवस्थेत घ्यायचा असे ठरवले. तो पुसण्याचा नियम मुळात इतक्या घाईने लिहायला नको होता, हे मान्य केले पाहिजे.

इतरांनी हा प्रश्न कसा हाताळला आहे ते पाहायला मी इथे थांबले. खरे तर सुरुवातीलाच पाहायला हवे होते. लिनक्सच्या जगात या कामासाठी सर्रास वापरली जाणारी लिब-एमटीपी ही सी भाषेतील लायब्ररी आहे. तिच्यातील फाइलची रचना आठ रकान्यांची आहे: वस्तूचा क्रमांक, वरच्या फोल्डरचा क्रमांक, स्टोरेजचा क्रमांक, नाव, ६४ बिटांचा आकार, बदलाची वेळ, प्रकार, आणि यादीतील पुढच्या नोंदीचा पत्ता. माझ्या पहिल्या रचनेशी तिचे साम्य पाहून आधी बरे वाटले आणि मग लक्षात आले की ‘सांगितले नाही’ हे लिहायला तिथेही जागा नाही. वेळ भरली गेली नाही तर रकान्यात शून्य राहते आणि शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. सी भाषेच्या चौकटीत आणि त्या काळात हा निर्णय पूर्ण समजण्यासारखा आहे, पण मला तो उचलण्याचे कारण नव्हते.

विंडोज पोर्टेबल डिव्हायसेस या व्यवस्थेची रीत अगदी उलट आहे. तिथे ठरावीक रचना नाहीच; प्रत्येक गुणधर्माला एक किल्ली असते, ती किल्ली म्हणजे एक लांबलचक एकमेव ओळखखूण आणि एक क्रमांक यांची जोडी. किल्ल्यांची यादी देऊन मागणी केली की मूल्यांची पिशवी परत येते, आणि जो गुणधर्म मिळाला नाही त्याच्या जागी मूल्याऐवजी त्रुटी असते. ही रीत प्रामाणिक आहे, पण वापरणाऱ्याला दमवणारी आहे. फाइलचे नाव मिळवण्यासाठीही किल्ली शोधा, पिशवी उघडा, मूल्याचा प्रकार तपासा. शिवाय तिथे नावे दोन असतात, एक वस्तूचे दाखवायचे नाव आणि दुसरे मूळ फाइलनाव. पहिल्यात शेवटचे एक्स्टेंशन असेलच असे नाही, म्हणून भोळेपणाने पहिले घेतले की उतरवलेल्या फाइली बिनशेपटीच्या होतात. तारखा तिथे ३० डिसेंबर १८९९ पासूनचे दिवस अपूर्णांकात मोजून दिल्या जातात. एवढे सगळे पाहिल्यावर मी मधली वाट निवडली: नेहमी लागणारे रकाने रचनेत नावानिशी ठेवायचे, पण प्रत्येक रकान्याला रिकामे राहण्याची मुभा द्यायची आणि बाकीचे गुणधर्म पिशवीत ठेवायचे.

तारखेने मात्र सगळ्यात जास्त छळले. एमटीपीत तारीख मजकुराच्या रूपात येते: आठ अंकांत वर्ष, महिना आणि दिवस, मध्ये टी हे अक्षर, मग सहा अंकांत तास, मिनिटे, सेकंद, आणि हवे असल्यास सेकंदाचा दहावा भाग. त्यापुढे जागतिक वेळेची खूण किंवा तिच्याशी असलेला फरक लिहिता येतो. लिहिता येतो, लिहिलाच पाहिजे असे नाही. माझ्याकडील उपकरणांपैकी बहुतेक काहीच लिहीत नसत, आणि काही न लिहिल्यास ती वेळ उपकरणाच्या स्वतःच्या घड्याळाची समजायची असते. त्या घड्याळाचा कालपट्टा (टाइम झोन) कोणता हे मात्र संगणकाला त्या मजकुरावरून कळायला मार्ग नाही. मी हा मजकूर वाचून सरळ जागतिक वेळ म्हणून सेकंदांत बदलत होते. अशा रीतीने माझ्या नोंदीतील प्रत्येक वेळ काही तासांनी सरकलेली होती, आणि सगळ्याच सारख्या सरकलेल्या असल्यामुळे यादीचा क्रम बरोबर दिसत होता, म्हणून कोणाच्या लक्षात येत नव्हते.

लक्षात आले ते घड्याळ एक तास पुढे-मागे करणाऱ्या प्रदेशातील एका वापरकर्त्यामुळे. त्याच्याकडे ठरावीक दिवशी हजारो फाइली एकाएकी बदललेल्या दिसू लागल्या. फाइलींना कोणी हातही लावला नव्हता. मी दुरुस्ती म्हणून संगणकाचा पट्टा गृहीत धरण्याचा पर्याय घातला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट ठरला, कारण आता एकाच फोनची नोंद दोन संगणकांवर दोन वेगळ्या वेळा दाखवू लागली. शेवटी मी सेकंदांचा हट्ट सोडला. आता वेळेचा रकाना दोन प्रकारचा असतो: पट्टा सांगितलेला असेल तर तो एक निश्चित क्षण, आणि नसेल तर केवळ भिंतीवरच्या घड्याळाचे वाचन, ज्याचे क्षणात रूपांतर करायचे असल्यास वापरणाऱ्याने पट्टा स्वतः द्यायचा. या दोन प्रकारांची एकमेकांशी तुलना करायला गेले तर कार्यक्रम संकलितच (कंपाइल) होत नाही. काही जणांना हा अतिरेक वाटला. मला तो वाटत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही ते मी गुपचूप बनवून देऊ नये, एवढेच त्यामागे आहे.

तरीही तारखेचे प्रकरण संपले नव्हते. संगणकावरून फाइल पाठवताना आधी तिचा माहितीसंच पाठवायचा असतो आणि त्यात बदलाच्या तारखेचा रकाना असतो. मी तो काळजीपूर्वक भरत होते. एका म्युझिक प्लेअरने तो घेतला, ‘ठीक’ असे उत्तर दिले, आणि फाइलवर तिच्या पोहोचण्याची वेळ टाकली. माझा जुळवणीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या तारखा ताडून पाहायचा, त्या वेगळ्या दिसायच्या, आणि तो सगळी गाणी पुन्हा पाठवायचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणखी एका उपकरणाने तारीख मान्य केली, पण त्यातील कार्ड एफएटी पद्धतीचे होते, आणि त्या व्यवस्थेत बदलाची वेळ दोन सेकंदांच्या पटीतच लिहिली जाते. विषम सेकंद असलेल्या प्रत्येक फाइलीत एका सेकंदाचा फरक पडे आणि साधारण निम्म्या फाइली रोज नव्याने जात. यावर उपाय रचनेत नव्हता, वापरण्याच्या पद्धतीत होता: फाइल पाठवल्यावर उपकरणाकडून तिची नोंद लगेच परत मागायची, ते जे सांगेल ते आपल्या वहीत लिहून ठेवायचे, आणि पुढच्या वेळी उपकरणाची तुलना संगणकाशी न करता त्या वहीशी करायची. उपकरणाचे आजचे म्हणणे त्याच्या कालच्या म्हणण्याशी जुळते का, एवढेच पाहायचे.

क्रमांकांचा गोंधळ यामानाने लवकर आवरला, पण त्याने केलेले नुकसान सर्वांत मोठे होते. प्रत्येक वस्तूला उपकरण एक ३२ बिटांचा क्रमांक, म्हणजे हँडल, देते. मूळच्या जागेला, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीला, हँडल नसते, आणि तिच्यासाठी नियमांत दोन वेगळ्या खुणा आहेत. माहितीसंचात ‘वरचा फोल्डर शून्य’ असे आले तर वस्तू मुळाशी आहे असा अर्थ होतो. पण यादी मागताना शून्य दिले तर अर्थ होतो ‘सगळीकडच्या सगळ्या वस्तू’, आणि मुळाशी असलेल्याच हव्या असतील तर सर्व बिट एक असलेली संख्या द्यावी लागते. मी नोंदीतला शून्य उचलून तसाच यादीच्या मागणीत दिला होता. सहा फोल्डरांची यादी यायची तिथे कित्येक हजार ओळी आल्या. आता रचनेत संख्या दिसतच नाही. ‘मूळ’ किंवा ‘अमुक फोल्डर’ असे दोनच पर्याय आहेत आणि कोणत्या जागी कोणती खूण पाठवायची ते लायब्ररी आतल्या आत पाहते. स्टोरेजचा क्रमांकही ३२ बिटांचाच असतो, म्हणून त्यालाही वेगळा प्रकार दिला, कारण एकदा मी फोल्डरच्या जागी स्टोरेजचा क्रमांक देऊन तासभर उपकरणाला दोष देत बसले होते.

नुकसान झाले ते हँडल जपून ठेवल्यामुळे. यादी पुन्हा मागायला वेळ लागतो म्हणून मी ती डिस्कवर साठवली, हँडलांसकट. हँडलाची हमी चालू सत्रापुरतीच असते. केबल काढून पुन्हा जोडली की तीच संख्या दुसऱ्याच वस्तूला मिळू शकते. माझ्या फोनवर तसे कधी झाले नाही, म्हणून चाचण्या सुटत गेल्या. एका कॅमेऱ्यावर मात्र झाले, आणि बॅकअपमध्ये एका नावाखाली दुसरेच चित्र जाऊन बसले. कोणतीही त्रुटी आली नाही, आणि चित्रांचे आकारही जवळजवळ सारखेच होते. हे कळल्यावर मी हँडल सत्राशी बांधून टाकला: रस्टमध्ये एखाद्या मूल्याचे आयुष्य दुसऱ्याच्या आयुष्याबाहेर जाऊ न देण्याची सोय भाषेतच आहे, त्यामुळे सत्र संपल्यावर हँडल वापरणारी ओळ लिहिताच येत नाही. साठवायचे असेल तर एमटीपीत प्रत्येक वस्तूसाठी १२८ बिटांची कायमची ओळखखूण असते, ती घ्यायची. ती मिळत नसेल तर मार्ग, आकार आणि तारीख यांवरून लायब्ररी ओळख पटवते, पण त्या मूल्याच्या प्रकाराचे नावच मी ‘अंदाज’ असे ठेवले आहे.

वस्तूच्या प्रकाराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. प्रत्येक प्रकाराला एक संकेतांक आहे, षोडशमान पद्धतीत फोल्डरचा ३००१, ‘अनिश्चित’चा ३०००. बरीच उपकरणे ऑग किंवा फ्लॅक संगीतफाइलींनाही अनिश्चित म्हणतात आणि मग एक्स्टेंशन पाहून ठरवावे लागते. लिब-एमटीपीतही नेमका हाच इलाज आहे. मी उपकरणाने सांगितलेला प्रकार आणि नावावरून ताडलेला प्रकार असे दोन वेगळे रकाने ठेवले आणि तो विषय संपवला. नावांतही एक गंमत होती: एखादे उपकरण लांब नाव तोडताना दोन घटकांनी बनलेल्या इमोजीच्या मधोमध तोडते, आणि उरलेल्या अर्ध्या घटकाचा वैध मजकूर होत नाही. इथे मी नाव दाखवण्यासाठी दुरुस्त करते आणि मूळ घटक तसेच बाजूला ठेवते. वस्तू हँडलने मागायची असल्यामुळे नाव बिघडले तरी फाइल हातची जात नाही.

रचनेला शेवटचे वळण वेगामुळे मिळाले. प्रत्येक वस्तूची माहिती स्वतंत्रपणे मागायची म्हणजे हजारो छायाचित्रांच्या फोल्डरासाठी हजारो फेऱ्या. एमटीपीत गुणधर्मांची यादी एकगठ्ठा मागण्याची सोय आहे: पाच मूल्ये देऊन एका फोल्डरातील सर्व वस्तूंचा एखादा गुणधर्म किंवा सगळेच गुणधर्म एकाच उत्तरात मिळतात. मिळायला हवेत, असे म्हणते, कारण काही उपकरणे ही सोय आहे असे जाहीर करतात आणि वापरली की अडकून पडतात. लिब-एमटीपीत अशा उपकरणांसाठी खास खुणा राखून ठेवल्या आहेत, त्या वाचल्यावर मी एकटी नाही याचा दिलासा मिळाला. पण एकगठ्ठा मागणीत मी फक्त नाव, आकार, तारीख मागितली तर चित्राची रुंदी येणार नाही. ती उपकरणाने नाकारली असे नाही, मी विचारलीच नाही. सावकाश वाटेने आलेली नोंद भरलेली आणि जलद वाटेने आलेली तीच नोंद अर्धी, आणि पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. इथे ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन अवस्था पुरेनात. आता माझ्या प्रत्येक रकान्याला चार अवस्था आहेत: विचारले नाही, विचारले पण उपकरण काही बोलले नाही, बोलले पण अर्थ लागला नाही, आणि मूल्य मिळाले. तिसऱ्या अवस्थेत मूळ बाइट जसेच्या तसे जपलेले असतात. ही अवस्था आठ महिन्यांपूर्वी असती, तर रिकाम्या मजकुरानंतर दोन बाइट गिळण्याची ती चूक कळीच्या शब्दांच्या रकान्यात पहिल्याच दिवशी दिसली असती, कारण न वापरलेला रकानाही आता शेवटपर्यंत वाचला जातो.

नवी आवृत्ती दिल्यावर लायब्ररी वापरणारे दोन-तीन जण नाराज झाले, आणि ते साहजिक होते. आधी आकार हवा तर रकान्याचे नाव लिहिले की काम होई. आता चार शक्यतांचा विचार करावा लागतो. त्यांच्यासाठी मी सोयीच्या पद्धती दिल्या: मूल्य असेल तर द्या, नसेल तर पुन्हा विचारून द्या, किंवा नसेल तर मी सांगते ते धरा. फक्त ‘नसेल तर शून्य’ अशी पद्धत दिली नाही. शून्य हवे असेल त्याने ते स्वतःच्या हाताने लिहावे.

चाचण्यांसाठी मी वेगवेगळ्या उपकरणांची मूळ उत्तरे बाइटांच्या रूपात साठवत आले आहे. त्यांतील एका जुन्या प्लेअरच्या उत्तरात बदलाची तारीख आठ शून्ये, टी आणि सहा शून्ये अशी येते: शून्यावा महिना, शून्यावा दिवस. बहुधा घड्याळ कधी लावलेच नसावे. पहिल्या आवृत्तीत या उत्तराने कार्यक्रम कोसळत असे, दुसऱ्या आवृत्तीत त्याची १ जानेवारी १९७० होत असे. आता ती नोंद तिसऱ्या अवस्थेत येते, आणि यादी छापणारा कार्यक्रम तारखेच्या जागी ती चौदा शून्ये प्लेअरने पाठवली तशीच छापतो.